कानशिलावरचे केस

सात वर्षं मी रोज सकाळी केसांना इस्त्री केली. आमच्या दुकानाला सुट्टी मंगळवारी, त्यामुळे फक्त मंगळवारी माझे केस जन्मले तसे, म्हणजे कुरळे असायचे. बाकी सहा दिवस सरळ केस, मधोमध भांग, मागे घट्ट अंबाडा आणि दोन्ही कान उघडे.

हा दुकानाचा नियम होता. मी नागपूरच्या इतवारीतल्या एका मोठ्या सराफी दुकानात कानातल्यांच्या काउंटरवर काम करते. गिऱ्हाईक बाई कुड्या किंवा झुमके निवडते तेव्हा आधी आम्ही ते आमच्या कानात घालून दाखवतो. त्यामुळे कानावर एक बटसुद्धा आलेली चालत नाही. नोकरीला लागले त्या दिवशी आमच्या फ्लोअरच्या मॅडमनी माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हे जंगल जरा आवरून येत जा."

मला ते लागलं नाही. लहानपणापासून सगळे असंच म्हणायचे. मी पहिल्या पगारात स्ट्रेटनर घेतला.

माझे केस दाट होते. न्हायल्यावर वाळायला दोन तास लागायचे, आणि सकाळी माझ्याजवळ दोन तास कुठले? नवरा कळमेश्वरच्या एका कंपनीत आहे, त्याची बस सहाला यायची. मग मुलीचा डबा, आत्याचा चहा, पाणी भरणं. नऊला मला घर सोडावं लागे. केस पाण्याने भिजवल्याशिवाय ताब्यात येत नसत, म्हणून मी रोज न्हायची, टॉवेलने रगडून पुसायची आणि तशाच ओलसर केसांवर स्ट्रेटनर फिरवायची. चर्र आवाज व्हायचा. वाफ निघायची. काउंटरवरच्या मुलींनी सांगितलं होतं, तापमान सगळ्यात वरच्या आकड्यावर ठेवायचं, म्हणजे एका फेरीत काम होतं. वाफेला करपल्यासारखा वास यायचा. मला वाटायचं, केसांना लावलेल्या सिरमचा असेल.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी बेसिनमध्ये केस दिसू लागले. मी पाणी बदललं, शाम्पू बदलला, आत्याने जास्वंदीचं तेल करून दिलं ते लावलं. स्ट्रेटनर मात्र तसाच चालू होता. उलट केस विरळ झाले तसे ते अधिक विस्कटलेले दिसायचे आणि मी एकाऐवजी दोन-तीन फेऱ्या मारायची. सहाव्या वर्षी दोन्ही कानशिलांवरची कातडी दिसायला लागली. अंबाडा जिथे सगळ्यात जास्त ताणला जायचा, नेमकी तीच जागा. मी भुवयांची पेन्सिल घेऊन तिथे बारीक बारीक रेघा काढू लागले. वर थोडं काजळ. लांबून केस वाटायचे.

मागच्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला, सोमवारी दुपारी दुकानातली वीज गेली. जनरेटरवर दिवे लागले, एसी बंद. बाहेर नागपूर नुसतं भाजत होतं, आणि काचेच्या त्या डब्यात आम्ही सगळे घामाने निथळत होतो. माझ्यासमोर एक बाई बसल्या होत्या. मोत्याच्या कुड्या हव्या होत्या, सुनेला द्यायला. मी एक जोड कानात घालून दाखवला, काढला आणि त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी मोती बोटाने फिरवला आणि विचारलं, "हे काळं काय आहे?"

मॅडम धावत आल्या. त्यांना वाटलं, पॉलिश गेलं. मऊ कापडाने पुसलं तर मोती पांढरा शुभ्र निघाला. मग त्या बाईंनी वर पाहिलं, माझ्या चेहऱ्याकडे. पर्समधून रुमाल काढून मला दिला, आणि दुसऱ्या दुकानात बघते म्हणून उठून गेल्या.

बाथरूमच्या आरशात पाहिलं तर दोन्ही कानशिलांवरून गालापर्यंत काळे ओघळ आले होते. मॅडम मागे उभ्या होत्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "वॉटरप्रूफ वापर ना."

मी तोंड धुतलं आणि उरलेला दिवस काउंटरवर काढला. पण मनात एक गोष्ट पक्की झाली होती. आता आणखी एक पेन्सिल विकत घेणार नाही.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. आत्या माझ्या डोक्याला तेल लावायला बसली. ती माझ्या बाबांची मोठी बहीण. आम्ही मुळात विणकरांचे. बाबा शिकून कारकून झाले, पण आत्या लग्न होऊन उमरेडला गेली आणि चाळीस वर्षं मागावर बसली. तिला मूलबाळ नाही. तिचे यजमान गेल्यावर मी तिला नंदनवनला आमच्या घरी घेऊन आले. ती आहे म्हणून मी नोकरी करू शकते. मुलगी शाळेतून येते तेव्हा दार तीच उघडते.

तिने फणी फिरवली आणि फणीत आलेले केस टाकून न देता एकेक वेगळा केला. मग खिडकीशी जाऊन उजेडात धरले. तिचे डोळे आता अधू झालेत, पण धाग्याच्या बाबतीत ती डोळ्यांपेक्षा बोटांनीच जास्त पाहते.

"इकडं ये वं," ती म्हणाली. "हे पाय. हे गळालं नाई. हे तुटलं."

"म्हणजे?"

"गळालेल्या केसाले बुडाशी पांढरं टोक रायते. याले हाय का कुठी? दोन्हीकून सारखंच हाय. अन् ह्ये टोक पाय, झाडूवानी फाटलं. तू तीन-चार वर्षांपासून सांगून राहिली, केस गळतेत, केस गळतेत. म्या तेल करून देल्लं. तुटलेल्या सुताले तेल लावून काय होते?"

मी तो केस हातात घेऊन टोक पाहिलं.

"काठाचं रेशीम ओलं असलं का आमी त्याले ओढत नव्हतो," ती म्हणाली. "ओलं रेशीम कमजोर असते. वाळलं का मगच ताणाचं. अन् तू त ओल्याच केसाले चटके देऊन राहिली. काहून वं? कोनासाठी?"

"नोकरीसाठी," मी म्हणाले.

तिने माझी मान वळवली आणि कानशिलावर अंगठा फिरवला. मग म्हणाली, "हे मात्र मले नाई समजत. इथं तुटलं नाई. इथं तं उगवूनच नाई राहिलं. तू डॉक्टरले दाखव."

त्याच संध्याकाळी मी दाखवलं. डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी आधी प्रश्न विचारले: कधीपासून, रोज की अधूनमधून, केस ओले असताना की वाळल्यावर, बांधता किती घट्ट, पाळी कशी, खाणं कसं. मी सगळं खरं सांगितलं. पेन्सिलचंही सांगितलं. मग त्यांनी माझे दोन-तीन केस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि मला स्वतःला बघायला लावलं. केसाच्या आत छोटे छोटे फुगे होते. उकळत्या दुधाच्या कडेला येतात तसे.

"ओल्या केसावर इतकी उष्णता दिली की आतलं पाणी उकळतं," त्या म्हणाल्या. "जिथे फुगा, तिथून केस तुटतो. हे तुमचं डोक्याच्या मधल्या भागातलं नुकसान. ते केस मुळापासून गेलेले नाहीत, त्यामुळे नवे चांगले वाढतील."

"आणि कानशिलावरचे?"

"तिथे मुळांना वर्षानुवर्षं ओढ बसली आहे. केस उष्णतेने आधीच कमजोर केलेला, वर घट्ट अंबाडा. काही मुळं जागी होतील. काही होणार नाहीत. किती, ते मी आज सांगू शकत नाही." त्यांनी माझं रक्त तपासायलाही सांगितलं, आणि नंतर त्यात लोह कमी निघालं. म्हणजे सगळा दोष एकट्या स्ट्रेटनरचा नव्हता. पण उठताना त्यांनी जे सांगितलं ते माझ्या डोक्यात बसलं. "गेलेले येतील की नाही ते माझ्या हातात नाही. आणखी जाऊ नयेत हे मात्र तुमच्या हातात आहे. ते आजपासून."

आजपासून. उद्या बुधवार, दुकान.

डॉक्टरांकडून मी सरळ आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या पार्लरमध्ये गेले आणि म्हणाले, केस कापायचे आहेत, कानाच्या वर, जेवढे खराब झाले तेवढे सगळे. पार्लरवाल्या ताईंनी कात्री हातात घ्यायलाच नकार दिला.

"इतके छोटे? ताई, घरी विचारून या आधी. मिस्टर काय म्हणतील?"

"डोकं माझं आहे."

"त्यापेक्षा आपण स्मूदनिंग करून टाकू. सहा महिने बघायला नको. केस रेशमासारखे होतील."

"त्यात पण गरम प्लेट फिरवता ना?"

"थोडी फिरवावी लागते."

"मग नको."

त्यांनी तरीही पाचेक मिनिटं माझं मन वळवायचा प्रयत्न केला. अर्धे कापू, मग बघू. खांद्यापर्यंत ठेवू. मी खुर्चीत बसून राहिले. शेवटी त्यांनी कापले. जमिनीवर पडलेल्या केसांकडे पाहून मला वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण वाटलं नाही. ते केस माझे कधीच वाटले नव्हते. मानेला वारा लागला, एवढंच जाणवलं.

घरी गेले तर नऊ वर्षांची माझी मुलगी दारातच थांबली. तिचेही केस माझ्यासारखेच कुरळे. तिने मला आधी ओळखलं नाही असं नाटक केलं आणि मग खरंच रडायला लागली. नवरा कामावरून आला. चप्पल काढता काढता माझ्याकडे पाहत राहिला.

"तुझं डोकं एवढं लहान आहे, हे मला दहा वर्षांत माहीत नव्हतं," तो म्हणाला.

मग हसला, आणि मुलगीही रडता रडता हसली. त्याला मी सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "दुकानात काय म्हणतील?" मी म्हणाले, "ते उद्या कळेल." त्याने स्ट्रेटनरची वायर पिनसकट कापली आणि आमच्या टेबल फॅनला जोडली. त्या पंख्याची पिन महिनाभरापूर्वी जळाली होती.

दुसऱ्या दिवशी दुकानात मॅडम मला काउंटरवर येऊ देईनात.

"हे काय करून आलीस?" त्या म्हणाल्या. "अशा अवतारात फ्लोअरवर कशी उभी राहणार?"

"मॅडम, नियम काय आहे? कान दिसले पाहिजेत. दिसतात."

"नीट दिसलं पाहिजे सगळं. प्रेझेंटेबल. डोक्यावर हे भुरभुरतंय काय?"

"हे माझे केस आहेत. असेच उगवतात."

मी त्यांना डॉक्टरांचा कागद दाखवला. त्यांनी तो वाचला, घडी करून परत दिला आणि मला मागच्या खोलीत टॅग लावायला बसवलं. तिथे दिवसभर लहान लहान दागिन्यांना दोऱ्याने चिठ्ठ्या बांधायच्या. खिडकी नाही, गिऱ्हाईक नाही. सात वर्षं मी काउंटरवर होते आणि मला माहीत होतं की मी ते काम चांगलं करते. कुठल्या चेहऱ्याला लांब वेल शोभतील, कुठल्या बाईला खरं तर काहीच घ्यायचं नाही, फक्त थोडा वेळ बसायचं आहे, हे मला कळायचं.

मी भांडले नाही. पण रोज संध्याकाळी दुकान आवरायच्या आधी मॅडमच्या टेबलाशी जायची आणि विचारायची, "मॅडम, उद्यापासून काउंटरवर येऊ?"

"बघू."

दुसऱ्या दिवशी परत. "येऊ?"

"सांगितलं ना, बघू."

काउंटरवरच्या मुली म्हणायच्या, कशाला वाढवतेस, विग लाव किंवा थोडे दिवस पिना मारून सरळ कर. एकीने तिचा स्ट्रेटनर पिशवीत घालून आणला, माझ्यासाठी, मनापासून. मी नको म्हटलं. त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये मला पहिल्यांदा भीती वाटली. नोकरी गेली तर? घरी दोघांचे पगार लागतात. आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "गेली तं दुसरी पाहू. हातात कला हाय तुझ्या. केसात नाई." मला ते पटलं असं नाही. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी परत मॅडमच्या टेबलाशी गेले.

असे सोळा दिवस गेले. मग अक्षय्य तृतीया आली. त्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसते. दुपारी बाराला मॅडम स्वतः मागच्या खोलीच्या दारात आल्या. "चल. आजच्यापुरतं."

माझ्या वाट्याला काटोलचं एक कुटुंब आलं. संत्र्याचा व्यापार असलेले लोक. आई, मावशी आणि जिचं लग्न होतं ती मुलगी. तिच्या वेणीतून सगळीकडून कुरळे केस बाहेर आलेले. आईने मोठे झुमके काढायला सांगितले. मुलीने घातले आणि मान वळवली, तर झुमक्याचा आकडा केसात अडकला. काढताना तिच्या डोळ्यात पाणी आलं.

"असंच होते हिचं," आई मला म्हणाली. "म्हणून आता पार्लरवाली लावली हाय. लग्नापर्यंत रोज केस सरळ करून देते. आत्तापासून सवय झाली म्हणजे बरं."

"रोज?" मी विचारलं.

"हाओ. रोज."

मुलगी खाली बघत होती. मी झुमके बाजूला ठेवले आणि फिरकीच्या कुड्यांचा ट्रे काढला, ज्यांची मागची बाजू सपाट असते. कुरळ्या केसात आकडा अडकतो, फिरकी अडकत नाही. त्याखाली लोंबणारा भाग हवाच असेल तर तो आखूड हवा, मानेपर्यंत न येणारा. हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. प्रत्येक मंगळवारी माझ्याच कानावर शिकले होते. तिसऱ्या जोडीला तिने मान दोन्हीकडे जोरात हलवून पाहिली. काहीही अडकलं नाही.

मग तिने हळूच विचारलं, "ताई, केस असेच ठेवले तर वाईट दिसतील का?"

मी मॅडमकडे पाहिलं नाही. मी मान वळवली आणि माझं कानशील तिला दाखवलं. तिच्या आईलाही. "हे सात वर्षांचं," मी म्हणाले. "रोज ओल्या केसांवर इस्त्री, वर घट्ट अंबाडा. एखाद्या दिवशी केलं तर काही होत नाही. लग्नाच्या दिवशी करायचंच असेल तर कर. केस पूर्ण वाळू दे, तापमान कमी ठेवायला सांग, आणि टाळूला लावू देऊ नकोस. पण रोज नको."

आई बराच वेळ माझ्या कानशिलाकडे पाहत होती. मग मावशीकडे वळून म्हणाली, "त्या पार्लरवालीले फोन लाव." मला वाटलं, ती रागावली. पण ती फोनवर म्हणत होती की आता रोज यायची गरज नाही, लग्नाच्या दिवशीच या.

त्यांनी कुड्या घेतल्या, आणि जाताना मावशीने स्वतःसाठीही एक जोड घेतला.

संध्याकाळी मी नेहमीसारखी मॅडमच्या टेबलाशी गेले. मी विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "उद्या काउंटरवर ये." त्यांचं मत बदललं असं मी म्हणणार नाही. आजही नवी मुलगी आली की त्या तिला केस आवरायला सांगतात. पण आता "आवरून ये" एवढंच म्हणतात, सरळ करून ये म्हणत नाहीत. माझा स्वभाव चिवट आहे हे त्यांनी मनाशी मान्य केलं असावं.

या गोष्टीला आता वर्ष झालं. लोहाच्या गोळ्या मी सहा महिने घेतल्या. मधले केस चांगले आले, पूर्वीसारखे दाट, आणि मी ते मानेपर्यंत वाढवलेत. डाव्या कानशिलावर बारीक केस उगवले, आधी लव यावी तसे, मग जाड. उजव्या बाजूला एक रुपयाएवढी जागा तशीच आहे. डॉक्टर म्हणाल्या, आता तिथे फार आशा धरू नका. मी धरत नाही.

राहिली माझी मुलगी. या डिसेंबरमध्ये तिच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं आणि तिच्या नाचात सगळ्या मुलींनी केस सरळ करून यायचं ठरवलं होतं. ती दोन दिवस माझ्या मागे लागली.

"आई, एकच दिवस. सगळ्यांचे सरळ असतील, माझेच जंगल दिसेल."

जंगल हा शब्द तिला कुठून मिळाला ते मला माहीत नाही. मी तिला मांडीजवळ बसवलं, माझी उजवी बाजू दाखवली, आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. वाफेचा वास, पेन्सिल, मोती, सगळं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मोत्याच्या ठिकाणी तोंडावर हात ठेवला.

"मग मी बाईंना सांगू का, माझे कुरळेच राहतील म्हणून?" तिने विचारलं.

"तू सांग. नाही ऐकलं तर मी येते."

ती स्वतःच बोलली. तिला मागच्या ओळीत उभं केलं. संमेलनाला आम्ही तिघंही गेलो होतो, आत्या पहिल्या रांगेत खुर्चीवर. घरी येताना मुलगी फणकाऱ्याने म्हणाली, "मागच्या ओळीतून काहीच दिसत नव्हतं." आणि थोड्या वेळाने, रिक्षात, "पुढच्या वर्षी मी पुढे उभी राहीन. आणि केस असेच."

मी म्हटलं, "पुढच्या वर्षी पुढच्या वर्षीचं बघू." पण मला माहीत आहे, ती विसरणार नाही.